पोलिश चित्रकार, व्हिएन्ना आणि 'चाकरी': त्या पोस्टला उत्तर

शाई_सांडली
परवा दुसऱ्या धाग्यावर ठाणेकर_जुने यांनी लिहिलं की पारतंत्र्यात असताना पोलिश चित्रकारांच्या संघटनांनी व्हिएन्नात, अमेरिकेत वगैरे जी प्रदर्शनं भरवली ती 'सम्राटाच्या छपराखाली केलेली चाकरी' होती, आणि 'ज्याला देश हवा असतो तो तुरुंगात जातो, प्रदर्शनात नाही'. दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी क्राकूफमध्ये दोन वर्षं काढलीत, ही चित्रं रोज बघितलीत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

१७९५ नंतर पोलंड नावाचा देशच उरला नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून खाल्ला होता. अशा देशाच्या चित्रकाराने जागतिक प्रदर्शनात चित्र पाठवायचं तर ते लावणार कुठल्या दालनात? शेमिरात्स्की या पोलिश चित्रकाराचं बघा. १८७८ ला पॅरिसमध्ये त्याची चित्रं रशियाच्या दालनात लागली, कौतुक झालं तेही रशियाच्या खात्यात जमा. पुढच्याच वर्षी या माणसाने 'नीरोच्या मशाली' हे सात मीटर लांबीचं अवाढव्य चित्र क्राकूफला देऊन टाकलं आणि त्यातून तिथलं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं, भर चौकातल्या जुन्या कापडबाजाराच्या माडीवर. याला चाकरी म्हणायचं?

एकेकट्याने पाठवलं की असं व्हायचं, म्हणून संघटना लागली. १८५४ पासून क्राकूफमध्ये कलामित्रांची सोसायटी होतीच, १८६० पासून वॉर्सात झाखेंता ही तशीच सोसायटी होती. त्यांची पद्धत म्हणजे सभासदांनी वर्गणी भरायची, त्या पैशातून चित्रं विकत घ्यायची, वर्षअखेरी सभासदांमध्ये सोडत काढायची, आणि प्रत्येकाला एक छापील चित्र घरी. लोकांच्या घरात चित्रं गेली हे चांगलंच, पण भिंतीवर छतापर्यंत खच, चांगलं-वाईट सगळं शेजारी शेजारी. त्याला कंटाळून १८९७ मध्ये दहा चित्रकारांनी क्राकूफला 'श्तुका' (म्हणजे 'कला') ही संघटना काढली. हेल्मोन्स्की, अक्सेंतोविच, फावात, माल्चेव्स्की, मेहोफर, स्तानिस्वाव्स्की, विचूव्कोव्स्की, विस्प्यान्स्की, तेत्मायर, प्योत्रोव्स्की. पूर्ण नाव 'पोलिश कलाकारांची संघटना'. क्राकूफ कायद्याने ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात, तिथे संघटना निघतेय आणि नावात गॅलिशिया नाही, 'पोलिश' आहे! हेल्मोन्स्की तर राहायचा रशियाच्या ताब्यातल्या खेड्यात आणि तोच पहिला अध्यक्ष. नंतर रुश्चित्स विल्नोकडून आला, बोझनान्स्का पॅरिसहून पाठवायची. तीन साम्राज्यांत फाटलेला देश एका कॅटलॉगमध्ये परत शिवला त्यांनी.

१९०२ ला व्हिएन्नात सेसेशनच्या, म्हणजे तिथल्या बंडखोर नव्या चित्रकारांच्या संघटनेच्या इमारतीत त्यांचं प्रदर्शन झालं. त्या दारावर सोनेरी अक्षरात कोरलंय, काळाला त्याची कला, कलेला तिचं स्वातंत्र्य. त्या दाराखालून पोलंडची चित्रं आत गेली. आणि १९०४ ला सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रियाच्या पॅव्हिलियनमध्ये श्तुकाला स्वतःची वेगळी खोली मिळाली. कोण कुठल्या देशाचा हे विचारायला आलेल्या अमेरिकन माणसाला तिथे पोलंड दिसला, नकाशावर नसताना. हे तुरुंगात जाऊन झालं नसतं.

ठाणेकर_जुने
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. आता तुम्ही जे लिहिलं नाही ते मी लिहितो.

खोली मिळाली म्हणता, कोणी दिली? व्हिएन्नाच्या शिक्षण आणि धर्म खात्याने. मंत्री हार्टेल यांचं धोरणच होतं की वेगवेगळ्या जमातींच्या आधुनिक कलेला सरकारने जवळ करायचं म्हणजे साम्राज्य एकजीव दिसतं. चेकांना एक खोली, पोलिशांना एक खोली, बघा आमच्या घरात सगळे कसे सुखाने नांदतात. तुम्हाला त्यात पोलंड दिसतो, मला शोकेस दिसते. आणि वजन होतंच की त्यांचं. परराष्ट्रमंत्री गोवुखोव्स्की पोलिश, त्याआधी पंतप्रधान बादेनी पोलिश. असे लोक दरबारात असताना भिंत मिळाली यात शौर्य ते काय.

आणि फावातचं नाव तुम्ही यादीत घातलंत, पुढचं सांगितलं नाहीत. हा गृहस्थ १८८६ पासून १८९५ पर्यंत बर्लिनला जर्मन राजपुत्राच्या, म्हणजे पुढे कैसर झालेल्या विल्हेल्मच्या पदरी होता, त्याच्या शिकारीची चित्रं काढायला. त्याच १८८६ साली त्याच बर्लिनने प्रशियाच्या वाट्याला आलेल्या पोझनानकडच्या पोलिश लोकांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन वसवायला कमिशन नेमलं. तिकडे जमिनी जातायत आणि इकडे हा बर्फातली अस्वलं रंगवतोय. मग परत येऊन क्राकूफच्या कलाशाळेचा डायरेक्टर, आणि अक्सेंतोविच, विचूव्कोव्स्की, स्तानिस्वाव्स्की हे सगळे तिथे प्रोफेसर. तेच संघटनेत, तेच निवड करणार, तेच परदेशात जाणार. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर वॉर्सात लोक फासावर गेले, तिथली चित्रकलेची शाळा बंद झाली. त्या पोरांना कोणी खोली दिली?

रंगपेटी
निवडीचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. ठाणेकरसाहेबांशी बाकी पटत नाही पण 'तेच संघटनेत तेच परदेशात' हे शंभर टक्के. मी कोल्हापूरचा, तीस वर्षं रंगवतोय. चार वर्षांपूर्वी एका संस्थेने युरोपात ग्रुप शो आहे म्हणून आमच्याकडून प्रत्येकी पार्टिसिपेशन फी घेतली, फ्रेमिंग आपलं, क्रेट आपली, इन्शुरन्स आपला. तीन चित्रं पाठवली. उद्घाटनाचे फोटो आले त्यात निवड समितीतल्या माणसाची सहा चित्रं समोरच्या भिंतीवर आणि माझं एक जिन्याखाली, बाकीची दोन क्रेटमधून निघालीच नाहीत. परत येताना कस्टमला अडकली सात महिने, कारण जाताना कागद कोणी नीट केलेच नव्हते, इथे म्हणे हा इम्पोर्ट आहे ड्युटी भरा. माझीच चित्रं मीच इम्पोर्ट करतोय! सोडवली तेव्हा एकाच्या कॅनव्हासला बुरशी, उजव्या कोपऱ्यातली निळाई पापुद्र्यासारखी हातात आली. बायकोने विचारलं मिळालं काय, मी गप्प.

त्यामुळे परदेशात भिंत मिळाली याचं मला फार कौतुक नाही. कुठली भिंत ते बघा.

शाई_सांडली
रंगपेटीदादा, वाचून खरंच वाईट वाटलं. पण श्तुकाने जे बदललं ते नेमकं हेच होतं हो. चित्रं कमी लावायची, डोळ्याच्या उंचीवर लावायची, दोन चित्रांत जागा सोडायची. जिन्याखाली काही नाही. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते, त्या वेळी त्यासाठी जुन्या सोसायटीशी भांडण घ्यावं लागलं.

ठाणेकरसाहेब, जे तुरुंगात नाहीत ते सगळे चाकर, या हिशोबाने पोलिश इतिहास रंगवणारा चित्रकार मातेइको पण चाकर का? त्याने १८६६ ला 'रेयतान' काढलं. १७७३ च्या संसदेत पहिल्या फाळणीला मंजुरी देऊ नका म्हणून दारात आडवा पडलेला रेयतान, शर्ट फाडून छाती उघडी टाकलेली, मला तुडवून जा म्हणतोय. समोर पैसे घेतलेले सरदार, उलटलेली खुर्ची, फरशीवर घरंगळलेलं नाणं, भिंतीवर रशियाच्या कॅथरीनचं चित्र. वॉर्साच्या राजवाड्यात मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा त्या नाण्यावरून नजर हलेना, जवळजवळ पाच मीटर लांबीचं चित्र आणि सगळ्याचं मूळ त्या एवढ्याशा नाण्यात. ते चित्र १८६७ ला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गेलं आणि सुवर्णपदक घेऊन आलं. देश कसा विकला गेला ते अख्ख्या युरोपने बघितलं. याहून मोठं भाषण कोणी केलं असतं?

ठाणेकर_जुने
बरं झालं रेयतान काढलात. पॅरिसच्या प्रदर्शनानंतर ते विकत कोणी घेतलं ते पण सांगा. मीच सांगतो, फ्रान्झ योझेफने! ऑस्ट्रियाच्या सम्राटाने, पन्नास हजार फ्रँकला. फाळणीत ज्या तिघांनी लचका तोडला त्यातल्याच एकाच्या वारसाने फाळणीचं चित्र घरात टांगलं आणि चित्रकाराने पैसे घेतले. नाण्यावर नजर खिळली म्हणता ना ताई, मग त्या पन्नास हजारावर पण खिळू द्या.

शाई_सांडली
हे लिहायला जीभ कशी रेटली? मातेइकोला स्वतःच्याच लोकांनी शिव्या दिल्या त्या चित्रावरून, देशाची लाज चव्हाट्यावर मांडली म्हणून. त्याने कोणाची खुशामत केली नाही, ना घरच्यांची ना सम्राटाची. विकत घेणाऱ्याने घेतलं. आणि १९२० ला स्वतंत्र पोलंडने ते ऑस्ट्रियाकडून परत विकत घेतलं, नंतर नाझींनी पळवलं, १९४५ ला सापडलं. सम्राट राहिला नाही, चित्र वॉर्सात आहे.

वळिवडे_नाका
मध्येच तोंड घालतो. आमच्या आजोबांची जमीन कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याजवळ. १९४३ ते ४८ तिथे पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, रशियातून सुटून आलेली. आजोबा दूध घालायला जायचे. ते सांगायचे, बराकीत आधी शाळा सुरू झाली, मग नाच-गाणी, नाटकं, हातकाम. पोटाला पुरेसं मिळायच्या आधी या बायका पोरांना राष्ट्रीय पोशाख शिवून घालत होत्या. आजोबांना नवल वाटायचं की उद्या कुठे जायचं ते माहीत नाही आणि यांना फुलांच्या माळांचं पडलंय. म्हातारपणी मात्र म्हणायचे, त्यांना माहीत होतं देश कशात बांधून न्यायचा ते.

मला चित्रातलं काही कळत नाही. पण ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा देश नसताना सव्वाशे वर्षं काढतात त्यांना ही सवय कुठून लागली असेल, तर मला वाटतं ताई म्हणतात त्याच प्रदर्शनांतून, शाळांतून. तुरुंगात जाणारे थोडे असतात हो.

नकाशे_आवडतात
सगळे 'पोलंड दिसला, पोलंड दिसला' म्हणतायत. काय दिसला ते कोणीतरी विचारा. अक्सेंतोविचची व्हिएन्नात गाजलेली चित्रं कुठली? हुत्सूल लोकांची. बर्फात नदीवर पाणी पूजणारे, नाचणारे, मेंढीच्या कातड्याची जाकिटं घातलेले कार्पेथियन डोंगरातले लोक. ते पोलिश नाहीत! युक्रेनियन बोलणारे, वेगळ्या चर्चमध्ये जाणारे लोक. गॅलिशियाच्या पूर्व भागात त्यांची बहुसंख्या आणि सत्ता पोलिश जमीनदारांची. म्हणजे व्हिएन्नाने पोलिशांना शोकेसमध्ये ठेवलं म्हणून ठाणेकर रडतायत, आणि पोलिशांनी हुत्सूलांना शोकेसमध्ये ठेवलं त्याबद्दल दोन्ही बाजू गप्प. १९०८ ला गॅलिशियाच्या राजधानीत, ल्वूफमध्ये, एका युक्रेनियन विद्यार्थ्याने पोलिश गव्हर्नर पोतोत्स्कीला गोळ्या घातल्या, इतकं ते पेटलं होतं. त्याच वर्षी श्तुकाचं व्हिएन्नात परत प्रदर्शन, हागेनबुंड या तिथल्या दुसऱ्या चित्रकार-संघटनेकडे.

शाई_सांडली
हे मान्य आहे, आणि मला मान्य करायला आवडत नाहीये. अक्सेंतोविच स्वतः आर्मेनियन घरातला, जन्म ट्रान्सिल्व्हेनियातला, त्याला ते लोक मनापासून आवडायचे असं चित्रात दिसतं. पण आवडणं वेगळं आणि कॅटलॉगवर आपलं नाव घालणं वेगळं. स्तानिस्वाव्स्कीचं मात्र थोडं वेगळं आहे, तो जन्माला आला तोच युक्रेनमध्ये, तिथली काटेरी फुलं आणि नीपर नदी त्याने तळहाताएवढ्या फळीवर रंगवली. ती त्याची स्वतःची माती होती. त्याच्याबद्दल असं बोललं तर मी भांडेन.

रंगपेटी
हुत्सूलांवरून आमच्याकडचं आठवलं, आदिवासींची चित्रं काढून विकणारे सगळे शहरातले, पण तो वेगळा धागा होईल. मला एक सांगा, अमेरिकेला १९०४ साली चित्रं नेली तर परत कशी आणली? जहाज, क्रेट, ड्युटी, हे सगळं कोण बघायचं? माझी कोल्हापूर-मुंबई-युरोप नीट गेली नाहीत हो.

ठाणेकर_जुने
याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते माझ्याच विरोधात जातं, तरी देतो. त्याच सेंट लुईच्या प्रदर्शनात रशियाकडून सुमारे सहाशे चित्रं-शिल्पं गेली. जपानशी युद्ध सुरू झालं म्हणून सरकारने अंग काढलं आणि सगळं एका फरच्या व्यापाऱ्याच्या हातात, ग्रुनवाल्ड नावाचा. त्याने ड्युटीचे कागद नीट केले नाहीत, अमेरिकन कस्टमने माल जप्त केला, पुढे लिलाव झाला, आणि बहुतेक चित्रकारांना ना चित्र परत मिळालं ना पैसा. सहाशे. तुमच्या तीनचं दुःख कमी नाही रंगपेटी, पण सहाशे.

रंगपेटी
सहाशे!! म्हणजे सव्वाशे वर्षांत काही बदललं नाही, तेव्हा पण कागद न करणारा माणूस होता आणि भोगणारा चित्रकारच होता. त्या पोरांच्या बायकांनी पण विचारलं असणार, मिळालं काय.

क्रेटवाला_भाऊ
मी आर्ट लॉजिस्टिक्समध्ये आहे, इतका वेळ वाचत होतो. दादा, पुढच्या वेळी टेम्पररी एक्स्पोर्टवर पाठवा, एटीए कार्ने (तात्पुरता नेलेला माल ड्युटीशिवाय परत आणायचा कस्टमचा कागद) काढून घ्या, प्रत्येक चित्राचा फोटो, माप, मागच्या बाजूची सही, सगळं यादीत. परत येताना तीच यादी दाखवायची, ड्युटीचा प्रश्नच येत नाही. आणि क्रेटमध्ये सिलिका जेल टाकायला सांगा, आतून प्लॅस्टिक थेट कॅनव्हासला लावू देऊ नका, बुरशी तिथूनच येते. हे फी घेणाऱ्या संस्थेने करायचं असतं, तुम्ही नाही. ज्यांनी केलं नाही त्यांनी तुम्हाला फसवलं.

रंगपेटी
हे चार वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर. लिहून घेतलं. क्रेटच्या आतून काय लावायचं मग, बटर पेपर चालतो का?

क्रेटवाला_भाऊ
साधा बटर पेपर नको, ॲसिड फ्री टिश्यू किंवा ग्लासिन नावाचा गुळगुळीत कागद. आणि ऑइल असेल तर किमान सहा महिने वाळल्याशिवाय बांधूच नका.

नकाशे_आवडतात
धागा पोलंडवर होता, आता पॅकिंगवर आलाय.

शाई_सांडली
येऊ दे की, मला तर हाच खरा विषय वाटतो. ठाणेकरसाहेब, ज्या सहाशेचं तुम्ही सांगितलंत, ते सगळे एका व्यापाऱ्याच्या भरवशावर होते. श्तुकाचे लोक स्वतः चित्रं निवडत होते, स्वतः भिंत मांडत होते. याच सेंट लुईला व्हिएन्नाच्या सेसेशनने माघार घेतली, कारण त्यांना मुख्यतः त्यांच्यातल्या क्लिम्ट या चित्रकाराची चित्रं लावायची होती आणि खात्याला ते नको होतं. त्यांना माघार परवडली, त्यांच्याकडे राजधानीत स्वतःची इमारत होती, नाराज व्हायला जागा होती. पोलिशांनी माघार घेतली असती तर त्या वर्षी अमेरिकेत पोलंड शून्य. ते गेले याला तुम्ही चाकरी म्हणता, मी म्हणते ज्याच्याकडे दुसरं दारच नाही तो आहे त्या दाराने जातो.

ठाणेकर_जुने
आमचे रविवर्मा १८७३ ला व्हिएन्नाच्या प्रदर्शनातून बक्षीस घेऊन आले, त्यांच्या पाठीशी चित्रकारांची कुठली संघटना होती? दरबाराच्या आधारावर गेले. त्यांना पण मी चाकर म्हणत नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा श्तुकाला एक माप आणि रविवर्माला दुसरं हे बरोबर नाही, एवढं कबूल. 'चाकरी' हा शब्द संघटनेपुरता मागे घेतो. फावातसाठी नाही. नऊ वर्षं कैसरकडे होता, त्याचं समर्थन कोणी करू नका. आणि वॉर्सात, पोझनानमध्ये जे राहून गेले, ज्यांना क्राकूफच्या प्रोफेसरांनी कधी हाक मारली नाही, त्यांच्यावर पण कोणीतरी धागा काढा. तुम्हीच काढा, तुम्हाला माहिती आहे.

शाई_सांडली
फावातच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते मला खोडता येत नाही, इतकंच. त्याने क्राकूफला येऊन ती शाळा उभी केली, जुनाट मास्तरांना बाजूला केलं, ते त्याचं काम मी विसरणार नाही, पण त्या नऊ वर्षांचं उत्तर त्यात नाही. झाखेंतावर लिहिते. वेळ लागेल, वर्गणी-सोडतीचं सगळं नीट लिहायचंय.

वळिवडे_नाका
लिहा ताई. आणि कोल्हापूरला आलात तर सांगा, कॅम्पाची जागा दाखवतो.

रंगपेटी
माझ्याकडे उतरा. ते बुरशी लागलेलं चित्र अजून तसंच ठेवलंय, उजव्या कोपऱ्याला हात लावलेला नाही. क्रेटवाला भाऊ, ते दुरुस्त होतं का कोणाकडून?

क्रेटवाला_भाऊ
फोटो पाठवा. मागच्या बाजूचा पण.